भाडोत्री धूर

प्रितम भोईरने तो टेम्पो पाठमोराच ओळखला. रंग निळा होता, मागच्या फळीवर 'गावदेवी ट्रान्सपोर्ट, शेलार' असं पिवळ्या अक्षरांत नवंकोरं लिहिलं होतं, तरी हा तीन नंबरच आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका वाटली नाही. माणसाने दाढी वाढवली, चष्मा लावला, तरी घरच्यांना तो चालीवरून कळतोच. तीन नंबर मागे यायला लागला की आधी डावीकडे झुकायचा, मग एकदा खोकायचा आणि खोकून झालं की माल चढवायच्या डॉकवर काळा ढग सोडायचा. आजही तो डावीकडे झुकला, खोकला आणि त्याने ढग सोडला. डॉकवरच्या बायकांनी पदर नाकाला लावले.

प्रितम भिवंडीजवळ काल्हेरच्या एका मोठ्या गोडाऊनात गाड्यांचा सुपरवायझर होता. साबण, बिस्किटं, शाम्पू, डास मारायच्या वड्या असा माल कंपनी इथे साठवायची आणि इथून ठाण्यापासून वसईपर्यंतच्या दुकानांना पोचवायची. कुठली गाडी कुठल्या दाराला लागणार आणि कुठला ड्रायव्हर कुठे जाणार, हे प्रितम ठरवायचा. लग्न व्हायच्या आधीपासून तो हेच करत आला होता. कंपनीच्या डिझेल टेम्पोंना नंबर त्यानेच दिले होते, आणि त्यांच्या खोडी बायकोच्या माहेरच्या माणसांपेक्षा त्याला जास्त पाठ होत्या. त्या सगळ्या गाड्या कंपनीने गणपतीच्या आधी विकून टाकल्या होत्या. आता होळी जवळ आली होती, आणि तीन नंबर पुन्हा दाराला लागला होता.

विकण्यामागे कुणाचा वाईट हेतू नव्हता. कंपनीच्या वरच्या लोकांनी ठरवलं की आपल्या गाड्यांचा धूर बंद करायचा, आणि ते काम अंधेरीच्या ऑफिसातल्या मनाली मॅडमकडे दिलं. मॅडम काल्हेरला आल्या, ड्रायव्हरांना गोडाऊनातच खोक्यांवर बसवलं आणि कळेल अशा भाषेत बोलल्या. भिवंडीच्या हवेत लूमची रुई आहे, कारखान्यांचा धूर आहे, रस्त्याची धूळ तर आहेच. त्यातलं बाकीचं आपल्या हातात नाही, पण आपलं जेवढं आहे तेवढं आपण काढून घेऊ. प्रितमला हे मनापासून पटलं. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ शोधायचं झालं तर ते इथे सापडेल.

मग बॅटरीच्या गाड्या आल्या. हार घातले, नारळ फोडला, आणि पहिली गाडी चालवायचा मान सर्वांत जुने ड्रायव्हर म्हणून सत्तारभाईंना मिळाला. सत्तारभाईंनी किल्ली फिरवली, थोडा वेळ वाट पाहिली, आणि खिडकीतून डोकं काढून विचारलं, "चालू झाली का बंदच हाय?" चालू झाली होती. पहिला आठवडा ते प्रत्येक सिग्नलला हा प्रश्न स्वतःलाच विचारत. नंतर त्यांना त्या शांततेची एवढी चटक लागली की गाडीत कुणी मोठ्याने बोललेलंही त्यांना खपेना.

डॉकवर जो फरक पडला तो कुणी कल्पिला नव्हता. तिथे खोकी भरणाऱ्या आणि पट्ट्या मारणाऱ्या बायका दिवसभर तोंडाला ओढणी नाहीतर स्कार्फ बांधून असायच्या. त्यांनी ते काढले. त्यांची म्होरकी रंगूबाई, काल्हेर गावचीच. तिच्या हनुवटीवर गोंदण आहे हे प्रितमला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिसलं. बायका आता कामाच्या वेळी बोलायला लागल्या, आणि बोलायला लागल्या त्या थांबेनात. गोडाऊनचे मॅनेजर विशाल सर यांनी याबद्दल प्रितमकडे तक्रार केली. धूर कमी झाल्याची तेवढी एकच तक्रार आली.

अडचण विजेची होती. गोडाऊनला जेवढी वीज मिळायची तिच्यावर निम्म्याच गाड्या चार्ज होत. वाढीव जोडणीचा अर्ज केलेला होता आणि तो कुठल्यातरी टेबलावर होता. निम्म्या गाड्यांत सगळा माल जाईना, म्हणून विशाल सरांनी बाकीच्या कामाचं कंत्राट बाहेर दिलं. कंत्राटदाराच्या गाड्यांना नंबर प्लेट असावी, ड्रायव्हरला लायसन्स असावं, पीयूसी असावं, एवढ्या अटी होत्या. तीन नंबरचं पीयूसी प्रितमने काढून पाहिलं. कागदावर ती गाडी तुळशीच्या रोपाइतकी निर्मळ होती.

तो कागद हातात धरून उभा असताना सत्तारभाई आपली गाडी लावून तिथे आले. त्यांनी निळ्या टेम्पोला एक फेरी घातली.

"प्रितम, ही आपली तीन नंबर ना?"

"हो, सत्तारभाई."

"निळा रंग कशाला दिला हिला? शोभत नाय." ते खाली वाकले. "स्प्रिंगचा पाटापण बदलला नाय. विकताना मी सांगितलेलं." मग टेम्पोच्या पोरगेल्या ड्रायव्हरला म्हणाले, "क्या नाम तेरा?"

"राघो."

"सकाळी कितीदा सेल्फ मारतोस?"

"दोनदा."

"तीनदा मारत जा. दोनदाला चिडते ती."

प्रितमने विचारलं, "राघो, गाडी कुणाची?"

"आमचे शेठची," राघो म्हणाला. "रामनाथशेठ भोईर. शेलारचे." आणि प्रितमच्या तोंडाकडे बघून त्याने विचारलं, "तुमी वलकता त्यांना?"

रामनाथशेठ प्रितमचा सख्खा काका होता.

प्रितमचे वडील तो शाळेत असतानाच गेले. त्याला शिकवलं काकाने, खाडीच्या बांधावर गाडी चालवायला शिकवली काकाने, आणि मुलगी बघायला गेले तेव्हा पोरगा लाजतोय म्हणून त्याच्या वतीने सगळी उत्तरंही काकानेच दिली. काकाची शेती गोडाऊनांखाली गेली तेव्हापासून तो धंद्याच्या शोधात होता. पाण्याचे टँकर करून झाले. कोंबड्या करून झाल्या. मग त्याने लग्नाचा हॉल काढला, त्याचं स्टेज पहिल्याच लग्नात वरातीतल्या मंडळींसकट खाली बसलं. कुणाला लागलं नाही, पण हॉलचं नाव झालं. त्यानंतर बरेच दिवस काका घरीच होता, आणि घरी बसलेला काका ही हौसाकाकीला सगळ्या धंद्यांपेक्षा महाग पडणारी गोष्ट होती.

संध्याकाळी प्रितम शेलारला गेला. काका ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. अंगणात दोन निळे टेम्पो उभे होते, एक नंबर आणि पाच नंबर.

"ये," काका खूश होऊन म्हणाला. "मी बोल्लोच व्हतो हौसाला, आज ना उद्या तुला समजल. तुला दाखवाचाच व्हता मना. पयला म्हयना नीट जाऊ दे, मंग सांगू, असा बोल्लो."

"काका, या गाड्या कुठून घेतल्यास?"

"एजंटाकरशी. सगल्या एकदम. आठच्या आठ."

"पण घेतल्यास कशाला?"

काकाला प्रश्नच कळला नाही. "तूच तं बोल्ला व्हतास. दिपालीचे हलदीला. 'काका, गाड्या अजून धा वर्सं पलतील, कंपनी येडी हाय, इकते.' बोल्ला व्हतास का न्हाय?"

काकाच्या मुलीच्या, दिपालीच्या हळदीला प्रितम पुष्कळ काही बोलला होता. त्यातलं त्याला फारसं आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी इतरांनीही आठवण करून दिली नव्हती, हा त्यांचा चांगुलपणा. पण हे वाक्य त्याचंच होतं. ते कुठल्या खांबाला टेकून बोललो हेसुद्धा त्याला आठवलं.

"काका, कंपनीनं त्या विकल्या त्या धूर बंद करायला."

"मंग झाला ना बंद. कंपनीचा झाला बंद."

"अरे, पण धूर तिथंच निघतोय. त्याच दाराला. त्याच बायकांच्या तोंडावर."

"निंगंल," काका म्हणाला. "पन आता तो माझा हाय."

हे त्याने सातबारा दाखवावा तशा शांतपणे सांगितलं. हौसाकाकी चहा घेऊन आली आणि प्रितमच्या हातात कप देत म्हणाली, "चार म्हयन्यांनी हसताना बगितला रे त्याला. जेवून जा." प्रितम जेवून गेला.

घरी येऊन त्याने मनाली मॅडमना मेल लिहिला. मेल लिहिणं त्याला जड जात नसे, पण हा लिहायला जेवणानंतरचा सगळा वेळ गेला, कारण काकाचं नाव घालायचं की नाही हे ठरेना. शेवटी त्याने घातलं. विकलेल्या गाड्या माझ्या काकांनी घेतल्या असून त्या आपल्याच कामावर परत लागल्या आहेत, तरी योग्य ते करावे.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"प्रितम, तुमचा मेल दोनदा वाचला," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा वाटलं, मलाच नीट कळलं नाही."

"बरोबर कळलंय, मॅडम."

"अडचण अशी आहे की आपल्या हिशेबात फक्त मालकीच्या गाड्या धरतात. भाड्याच्या धरत नाहीत."

"पण त्या आपल्याच होत्या."

"होत्या. भाड्याच्या गाड्याही धरा, असं मी सुरुवातीलाच लिहून दिलं होतं. वरून उत्तर आलं, आधी स्वतःचं घर झाडा, शेजाऱ्याचं नंतर बघू. आता आपल्याच घरातला केर शेजाऱ्याच्या नावावर आत येतोय, हे मी नुसत्या मेलवर त्यांना कसं पटवू, तेच बघतेय. त्यातच पुढच्या आठवड्यात काल्हेरला फिल्म करायची आहे. आपली कंपनी एका पुरस्काराला उभी आहे. मी येतेय, तेव्हा समोरासमोर बोलू."

फिल्मची बातमी कळल्यावर विशाल सरांनी डॉकला रंग लावला. कुंड्या आणल्या. मग त्यांनी प्रितमला बाजूला घेऊन सांगितलं, "त्या दिवशी गावदेवीच्या गाड्या मागच्या दाराला लाव. पुढे फक्त बॅटरीच्या."

मागचं दार उघडायचं ते पत्र्याच्या शेडमध्ये, आणि त्या शेडमध्ये बायका दुपारचं जेवायच्या. प्रितमने तसं सांगितलं.

"एक दिवस काय होतंय?" विशाल सर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोक्यात त्या दिवशी फक्त कुंड्या होत्या.

त्याच दुपारी रंगूबाईने प्रितमला गाठलं. तिने तोंडाचा स्कार्फ बोलण्यापुरता खाली ओढला.

"प्रितम, ती गाडी परत कशाला आनली रे?"

"मी नाही आणली, मावशी."

"मंग काय वाट चुकून आयली?"

प्रितम हातातली गाड्यांची यादी चाळायला लागला.

"सून मना बोलायची, 'आई, तुमचे लुगड्याला डिझेलचा वास येतंय, पोराला घेऊ नका लगेच.' मधी गेल्ता तो वास. चार-पाच म्हयने घरी गेल्या गेल्या नातवाला घेत व्हते. आता परत आंघोल करून घ्यावा लागतंय." तिने स्कार्फ वर केला आणि आतूनच म्हणाली, "तुझे काकाच्या हायत ना गाड्या? आख्ख्या गावाला म्हायती हाय. तुलाच उशिरा समजला."

फिल्मच्या दिवशी सकाळीच मनाली मॅडम आल्या. बरोबर कॅमेरावाला, आवाज घेणारा आणि छत्रीसारखा दिवा धरणारा असे तिघे होते. सत्तारभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांची गाडी आत येताना आणि बाहेर जाताना पुन्हा पुन्हा चित्रित झाली. आवाज घेणाऱ्याने तक्रार केली की गाडीला आवाजच नाही, मी घेऊ काय. सत्तारभाईंना ही आपली स्तुती वाटली. दुपार होईपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग मॅडम डॉकच्या मधोमध, कुंड्यांच्या पुढे उभ्या राहून बोलायला लागल्या, आणि त्यांच्या मागून रंगूबाई डबा घेऊन आली आणि खाली बसली. तिच्यामागून बाकीच्या बायका आल्या. त्यांनी कुंड्या सरकवल्या, वर्तमानपत्रं अंथरली आणि डबे उघडले. सुक्या जवळ्याचा वास सुटला.

कॅमेरावाला थांबला. विशाल सर धावत आले. "मावशी, आज मागे बसा ना."

"मागं धूर हाय," रंगूबाई म्हणाली आणि भाकरी मोडली.

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

"मंग पाच मिंटं तुमी मागं बसा."

विशाल सरांनी प्रितमकडे पाहिलं. "प्रितम, यांना जरा सांग."

सांगायला काही अवघड नव्हतं. रंगूबाई त्याच्या आईच्या वयाची होती, पण त्याने 'मावशी, माझ्यासाठी' म्हटलं असतं तर ती पुटपुटत उठली असती. प्रितमने तोंड उघडलंसुद्धा. मग तिच्याऐवजी मनाली मॅडमकडे वळून तो म्हणाला, "मॅडम, मागे येता का जरा? बघून घ्या."

मॅडम निघाल्या. कॅमेरा बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून कॅमेरावालाही निघाला.

मागच्या शेडमध्ये आठही निळे टेम्पो ओळीने उभे होते. धुतलेले होते, आणि प्रत्येकाच्या तोंडाला झेंडूचा हार होता. इंजिनं चालू होती. तीन नंबर एकदा बंद केला की लवकर उठायचा नाही, आणि तो एकटाच चालू राहिला तर बरं दिसत नाही म्हणून राघोने सगळेच चालू ठेवले होते. शेडच्या पत्र्याखाली धूर माडीभर उंच साचला होता. त्या धुरात, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घालून, गळ्यातली साखळी शर्टावर काढून, रामनाथकाका उभा होता. शूटिंग आहे हे त्याला राघोकडून कळलं होतं. आपल्या गाड्यांचंही होणार, यात त्याला काही शंका वाटली नव्हती.

मॅडमना ठसका लागला. काकाने राघोला पाणी आणायला पिटाळलं आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून, पाहुण्यांशी बोलायची ठेवणीतली मराठी काढून म्हणाला, "या मॅडम. या तुमच्याच गाड्या हायत. तुमी इकल्या, आमी घेतल्या. तुमच्यापेक्षा चांगल्या सांभाळल्यात. रंग दिलाय. एकपन गाडी बाहेर जाऊ दिली नाय, सगल्या तुमच्याच कामाला लावल्या. आठच्या आठ."

कॅमेरावाल्याने हे सगळं घेतलं. काकाचा आवाज खणखणीत असल्यामुळे इंजिनांवरही तो छान आला.

मॅडमनी पाणी पिऊन ग्लास राघोला परत दिला. "याच का, प्रितम?"

"याच."

"दाराला कुठली गाडी घ्यायची ते तुम्ही ठरवता ना?"

"नंबर मी लावतो. कंत्राट वरून येतं."

"समजा तुम्हाला विचारलं. मग?"

काका हसतमुखाने पुतण्याकडे बघत होता. पुतण्या आता दोन चांगले शब्द बोलणार, अशी त्याची खात्री होती. मुलगी बघायला गेले तेव्हा तोही पुतण्यासाठी असाच बोलला होता. प्रितमने खाली पाहिलं. तिथे पत्र्याच्या भिंतीला लागून बायकांचं नेहमीचं बाकडं होतं, आणि त्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी काजळी होती.

"मला विचारलं तर या गाड्या उद्यापासून घेऊ नयेत," तो म्हणाला. "नाव कुणाचंही असो."

काकाने थोडा वेळ वाट पाहिली, वाक्य अजून पुरं व्हायचं असेल म्हणून. मग त्याने साखळी शर्टाच्या आत टाकली.

"राघो," तो म्हणाला, "गाड्या काड."

गाड्या एकामागून एक निघाल्या, हारांसकट. तीन नंबर डावीकडे झुकला, खोकला. शेडमध्ये बराच वेळ कुणाला कुणी दिसलं नाही.

ती फिल्म पुढे झालीच नाही, आणि पुरस्कार दुसऱ्या कुणाला तरी मिळाला. काकाचं भाषण मात्र मॅडमनी अंधेरीला नेऊन वरच्या लोकांना दाखवलं. ते म्हणे त्यांनी दोनदा लावून पाहिलं, आणि दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. त्यानंतर भाड्याच्या गाड्याही हिशेबात धरायचं ठरलं. त्यामुळे काल्हेरचा धूर तक्त्यावर एका दिवसात वर गेला, प्रत्यक्षात तो फिल्मच्याच आठवड्यात खाली आला होता. विशाल सरांनी तो तक्ता प्रितमच्या टेबलावर आणून ठेवला आणि निघून गेले. कंत्राटाच्या अटी बदलल्या: भाड्याची गाडी असली तरी ती बॅटरीची किंवा गॅसची हवी. अशा गाड्या मिळेपर्यंत माल तुंबला, दुकानदारांचे फोन आले, आणि नियोजनात कसूर केल्याबद्दल प्रितमला ताकीद मिळाली. ताकिदीवर सही विशाल सरांची होती आणि ते पत्र द्यायला आले तेव्हा त्यांनी त्याला चहा पाजला.

काका बोलायचा बंद झाला. हौसाकाकीचा फोन यायचा. गाड्या अंगणात उभ्या आहेत, कोंबड्या त्यांच्याखाली अंडी घालतात, आणि हा ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत असतो. मग एक दिवस ती म्हणाली की अकलोलीकडचा कुणी खडीवाला येऊन गाड्या बघून गेला आहे.

प्रितम त्याच संध्याकाळी शेलारला गेला. काका खुर्चीतच होता. त्याने मान दुसरीकडे फिरवली आणि काकीला म्हणाला, "त्याला बोल, बस."

काकी दोघांच्या मध्ये दारात तांदूळ निवडत बसली.

"काका, त्या खडीवाल्याला गाड्या देऊ नको," प्रितम म्हणाला. "भंगारात काढ. सरकारमान्य भंगारवाला दाखला देतो, त्याच्यावर नव्या गाडीला सूट मिळते. बॅटरीच्या घे दोन. कंपनीला भाड्याच्या गाड्या पाहिजेच आहेत. मी मॅडमशी बोललोय. तुझं नाव मी रेटणार नाही, पण गाड्या अटीत बसल्या तर कुणी अडवणारपण नाही."

"त्याला इचार," काका काकीला म्हणाला, "त्या खडीवाल्याला दिल्या तं त्याचे बापाचा काय जातंय? अकलोलीला त्याची कंपनी न्हाय."

"अकलोलीला माणसं आहेत," प्रितम म्हणाला.

काकी तांदळातला खडा टिपत होती.

"त्याला बोल, मी याचे एका शब्दावर गाड्या घेतल्या. दुसऱ्या कोनाला इचारला पन न्हाय. मंग च्यार लोकांत, कॅमेऱ्यापुडं, त्यानंच..." पुढचं काकाने सोडून दिलं.

"चुकलं माझं," प्रितम म्हणाला.

"इचार त्याला, कवा चुकला? हलदीला का शेडमदी?"

प्रितमला इथे खोटं बोलता आलं असतं, आणि काकाचीही बहुधा हरकत नव्हती. "हळदीला," तो म्हणाला.

काका उठून आत गेला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "हौसा, त्याला वाडलास का?"

दोन गाड्या काकाने तरीही खडीवाल्याला दिल्या. त्याला शब्द देऊन झाला होता, आणि दिलेला शब्द मोडायचा नाही हे प्रितमला लहानपणी त्यानेच शिकवलं होतं. अकलोलीकडे, वज्रेश्वरीच्या रस्त्याला प्रितम कधी कंपनीच्या गाडीतून गेला तर त्यातली एक समोरून येताना दिसते आणि तो गाडीची काच वर घेतो. बाकीच्या सहा भंगारात गेल्या. तीन नंबर त्यांत होता. सत्तारभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कुणी गेल्यावर म्हणतात तसं फक्त 'इन्ना लिल्लाह' म्हटलं, मग स्वतःशीच हसले आणि आपल्या गाडीत जाऊन बसले.

डॉकवर बऱ्याच बायकांनी स्कार्फ सोडले. काहींनी ठेवले. बाहेर हमरस्त्यावर दुसऱ्यांचे ट्रक दिवसभर रांगेत उभे असतात आणि वारा तिकडून असला की त्यांचा धूर न विचारता आत येतो, त्यावर काल्हेरच्या गेटची कुठलीही अट चालत नाही. रंगूबाई मात्र घरी गेल्याबरोबर नातवाला उचलून घेते, आणि हे ती प्रितमला आठवड्यातून एकदा तरी ऐकवते.

काकाने दोन नव्या गाड्या घेतल्या. व्यवहार, अर्ज, कंत्राट सगळं राघोमार्फत केलं. डॉकवर समोरासमोर आले तरी काका पुतण्याशी बोलत नसे. कुठल्या दाराला लावायची हे राघोला विचारायला लावायचा आणि प्रितमचं उत्तर राघोकडून पुन्हा ऐकायचा. असे दिवस गेले. राघोला दोन-दोनदा बोलायचा कंटाळा आला, पण तक्रार कुणाकडे करणार?

मग एका सकाळी प्रितमचा फोन वाजला. काकाचा नंबर होता.

"गाडी मेली," काका म्हणाला. "उटंचना. राघोनं तीनदा किल्ली फिरवली."

"रात्री लावली होती का?"

"काय लावली व्हती का?"

"चार्जिंगला."

फोनमधून फक्त कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

"परवा लावली व्हती ना," काका म्हणाला. "फुल केली व्हती. रोज लावाची का काय?"

"रोज, काका."

"डिझेल तं रोज भराया लागत नव्हता."

"मी येतो. तोपर्यंत लावून ठेव."

"ये," काका म्हणाला. फोन ठेवायच्या आधी त्याचं आत कुणाशीतरी बोलणं झालं. "आन जेवाच्या अंदाजानं ये. हौसानं खाडीच्या निवट्या आनल्यात."

गावदेवीच्या गाड्या आज उशिरा लागतील, असं प्रितमने विशाल सरांना सांगितलं. सर काहीतरी म्हणाले. ते ऐकून घेऊन त्याने स्कूटर काढली आणि शेलारच्या रस्त्याला लागला.